समाजाविरुद्ध गेल्यावर नेमकं काय होतं? बडोद्याहून एक उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे: "आमचा समाज फार कडक आहे. जातीबाहेरच्या लग्नाला घरचे कधीच हो म्हणणार नाहीत. तरीही केलं तर पुढे काय होतं? समाज शेवटी माफ करतो का?" तुम्ही मुलगा की मुलगी, कुठल्या गावचे, काहीच लिहिलेलं नाही. ठीक आहे, लिहायची भीती वाटत असणार.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात वाढले, शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. १९८७ साली मी लग्न केलं, नवरा गुजराती, वणकर म्हणजे विणकाम करणाऱ्या दलित समाजाचा. गुजरातेत १९८१ आणि १९८५ ला आरक्षणाविरुद्धची आंदोलनं होऊन गेली होती आणि माणसांची मनं फार कडवट झाली होती. त्या काळात मराठी सवर्ण घरातल्या मुलीने हे करणं म्हणजे काय, ते तुम्हाला मोठी माणसं सांगू शकतील. तुम्ही लग्न करा किंवा करू नका, हे मी सांगणार नाही. काय होतं तेवढं सांगते, कारण आम्हाला ते कोणी सांगितलं नव्हतं.

आपल्या डोळ्यांपुढे मोठा प्रसंग असतो. वडील हात उगारतील, भाऊ दारात आडवे येतील, पोलीस येतील. काही घरांत हे खरंच होतं, त्याबद्दल पुढे लिहिते. पण आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या घरांत तसलं काही झालं नाही. कोणी ओरडलंसुद्धा नाही. आमंत्रणं यायची थांबली, एवढंच.

हे "एवढंच" कसं चालतं ते नीट समजून घ्या. बडोद्यातले मराठी लोक गायकवाडांच्या मागून आले आणि पिढ्यान् पिढ्या इथेच राहिले. भोवती सगळं गुजराती, त्यामुळे एकेका ज्ञातीची घरं मोजकी आणि एकमेकांना घट्ट धरून. आमच्या ज्ञातीचं मंडळ होतं, आजही आहे. मंडळाची वाडी, जिथे मुंजी-लग्नं व्हायची. मंडळाची मोठी भांडी, घरच्या कार्याला भाड्याने मिळायची. मुलांना वह्या, हुशार मुलांचा सत्कार, वधूवर सूची, आणि दर काही वर्षांनी छापलं जाणारं वस्तीपत्रक: कोणत्या घरात कोण, शिक्षण काय, नोकरी कुठे, मुलगी लग्नाची आहे का. आमच्या लग्नानंतरचं पहिलं वस्तीपत्रक आलं त्यात आईवडिलांच्या नावाखाली एकच मुलगी होती, माझी धाकटी बहीण. ठराव नाही, पत्र नाही. आईने कार्यासाठी भांडी मागितली तर "कल्हईला गेलीत" असं उत्तर आलं. वाडीची तारीख विचारली तर ती दुसऱ्या कोणाला दिलेली असायची. यातल्या एकाही गोष्टीवर बोट ठेवून "तुम्ही आम्हाला वाळीत टाकलंय" असं म्हणता येत नव्हतं.

आणि हे सगळं माझ्या वाट्याला आलंच नाही. मी तर घर सोडून गेले होते, माझी नोकरी होती, माझ्याबरोबर माणूस होता. भोगलं ते मागे राहिलेल्यांनी. तुमच्या प्रश्नाचं मला कळलेलं उत्तर हेच आहे, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं. तुम्ही "मी काय सोसेन" असं विचारताय. त्याच्या आधी आईचं काय होईल, धाकट्या भावंडांचं काय होईल, हे विचारा. विचारून मागे फिरा असं मी म्हणत नाही. पण ते माहीत असताना पाऊल टाका.

आमच्या आईचं चैत्रातलं हळदीकुंकू पोळभर, म्हणजे आमच्या गल्लीभर, गाजलेलं होतं. गौर बसवायची, आंब्याची डाळ, कैरीचं पन्हं, ओल्या हरभऱ्याने ओटी. माझ्या लग्नानंतरच्या चैत्रात तिने नेहमीइतकीच डाळ वाटली. आमच्यातल्या बायका जवळजवळ कोणी आल्या नाहीत. एक मावशी आली, तीही अंधार पडल्यावर. उरलेली डाळ आईने वाट्यावाट्यांनी शेजारच्या गुजराती घरांत दिली. त्या बायकांना ते हळदीकुंकू काय प्रकरण ते नीटसं माहीतही नव्हतं, पण पुढच्या वर्षी त्या स्वतःहून नटूनथटून आल्या आणि त्यानंतर दरवर्षी येत राहिल्या. आईचं हळदीकुंकू बंद पडलं नाही ते त्यांच्यामुळे. पण आपल्या माणसांनी पाठ फिरवली याचं दुःख तिला शेवटपर्यंत राहिलं, ते मी बघितलं आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मंडळाचे खजिनदार होते. कोणी मागायच्या आत त्यांनी वह्या आणि तिजोरीची किल्ली नेऊन दिली. घरी येऊन म्हणाले, "हिशेब चोख दिला आहे." बाकी काही बोलले नाहीत. ते गेले तेव्हा खांदा द्यायला ऑफिसातले सोबती होते, गल्लीतले गुजराती शेजारी होते आणि माझे दीर होते. ज्ञातीतले चारसहा जण खासवाडी स्मशानात आले, पण बाजूला उभे राहिले. ज्या माणसाने पंचवीस-तीस वर्षं सगळ्यांच्या कार्यांचे हिशेब सांभाळले त्याच्यासाठी. हे मी अजून विसरलेले नाही, विसरायची इच्छाही नाही.

सर्वांत जड किंमत धाकट्या बहिणीने दिली. तिला बघायला येणारी स्थळं ऐकून घेत, पोहे खात, आणि चार दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप यायचा. शेवटी लांबच्या गावचं, तिच्या मनात नसलेलं स्थळ पत्करावं लागलं. तिने मला एकदा तोंडावर सांगितलं, "ताई, तू तुझ्या मनासारखं केलंस. त्यानंतर माझ्या मनाचं विचारायला कोणाला वावच राहिला नाही." तिचं खरं होतं. आज आमचं चांगलं आहे, तिची मुलं सुट्टीत माझ्याकडे येतात. तरी ते वाक्य आमच्या दोघींत आहे.

हे काही आमच्याच ज्ञातीचं वैशिष्ट्य नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने काय केलं ते पाहा. कर्वे स्वतः पुण्यात होते, कॉलेजात शिकवत होते, त्यांच्यापर्यंत गावाचा हात पोचत नव्हता. म्हणून ठराव झाला तो घरच्यांना अडकवणारा: हा माणूस गावात आला आणि घरच्यांनी त्याला थारा दिला तर घरच्यांवरही बहिष्कार. आईने मुलाला घरात घ्यायचं की गावात राहायचं, यातलं एक निवडायचं. कडक समाज बंडखोराला पकडू शकत नाही, तेव्हा तो त्याच्या आईला पकडतो. पुढे १९५८ मध्ये त्याच कर्व्यांना भारतरत्न मिळालं. तोवर त्यांची शंभरी आली होती. त्यांची आई ते बघायला नव्हती.

आता सासरचं. लोक समजतात की कडक समाज म्हणजे फक्त वरच्या जातींचा. तसं नाही. माझ्या सासरच्या ज्ञातीचे पंचही कडकच होते, त्यांना परकी सून नको होती. शिवाय त्यांना भीतीही होती, आणि ती अगदी खरी होती: मुलीकडचे पोलिसांत गेले तर मार कोणाला बसणार, हे त्यांना पुरतं माहीत होतं. पंचांनी सासऱ्यांकडे अख्ख्या न्यातीचं जेवण मागितलं. सासऱ्यांनी पतपेढीतून कर्ज काढलं आणि जेवण घातलं. ते कर्ज किती वर्षं फेडत होते ते मला फार उशिरा कळलं. सासूबाईंनी मात्र पहिल्या दिवशी मला चुलीजवळ बसवून बाजरीचा रोटला थापायला दिला. तो फाटला, त्यांनी तोच स्वतःच्या ताटात घेतला.

आणि भाड्याचं घर! आम्ही दोघं मिळवते, पण नवऱ्याचं आडनाव सांगितलं की खोली "कालच गेलेली" असायची. शेवटी फतेगंजमध्ये एका वयस्कर ख्रिस्ती बाईंनी घर दिलं. खोल्या शोधत हिंडताना नवरा मला सयाजीबागेत घेऊन गेला. जुने लोक तिला कमाटीबाग म्हणतात. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर परदेशात शिकून बडोदे संस्थानाच्या नोकरीत आले होते. शिष्यवृत्ती सयाजीराव महाराजांनी दिलेली, नोकरीही त्यांचीच, आणि शहरात राहायला एक खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले. काही दिवसांत काठ्या घेतलेली माणसं दारात आली. मित्रांनीही घरात घेतलं नाही. त्या दिवशी ते या बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. नवरा म्हणाला, "त्यांनी तेव्हा अजून काहीच केलं नव्हतं." हे मी तुम्हाला का सांगते? तुम्ही ज्याच्याशी लग्न करणार ती व्यक्ती खालच्या मानलेल्या जातीतली असेल, तर बंड तुम्ही करताय. ती व्यक्ती जन्मापासूनच शिक्षा भोगते आहे, त्यात तुमच्यामुळे आणखी भर पडणार आहे. तुम्ही "मी तुझ्यासाठी सगळं सोडलं" असं एकदा जरी म्हणालात तरी ते फार क्रूर ठरेल.

बडोद्यात आणखी एक गोष्ट घडलेली आहे, ती घरच्यांबद्दल विचार करताना मला नेहमी आठवते. सयाजीराव महाराजांसारखा सुधारक राजा शोधून सापडणार नाही. बालविवाहाला बंदी करणारा कायदा १९०४ चा, सक्तीचं प्राथमिक शिक्षण संस्थानभर १९०६ पासून, हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क १९३१ मध्ये. त्यांची मुलगी इंदिराराजे. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं होतं. त्यांची पहिली राणी हयात होती, आणि तिथे पडदा होता. १९११ मध्ये, दिल्ली दरबाराच्या सुमारास, या मुलीने स्वतः शिंद्यांना पत्र लिहून लग्न मोडलं. तिला कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लग्न करायचं होतं. एवढ्या सुधारक आईवडिलांनीही दोन वर्षं होकार दिला नाही. शेवटी १९१३ मध्ये लंडनला लग्न झालं, त्याला आईवडील गेले नाहीत. त्याच आई, म्हणजे चिमणाबाई राणीसाहेब, पुढे १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

यावरून मी मायबापांना ढोंगी म्हणत नाही. त्यांनी केलेलं काम खरंच मोठं आहे, माझ्यासारख्या हजारो मुली त्यामुळे शिकल्या. पण तुमचे वडील सभेत जातपात मोडायची भाषणं करत असतील तरी ते तुमच्या लग्नाला हो म्हणतील असं धरून चालू नका. उलटंही होतं. आमच्या घरात सर्वांत सोवळ्यातली होती ती आत्या, आणि माझ्या मुलाच्या बारशाला पहिली तीच आली. कोण कसं वागेल हे आधी सांगता येत नाही.

इंदिराराजेंचं पुढे सुखाचंच झालं असंही नाही. लग्नानंतर दहा वर्षं व्हायच्या आत, १९२२ मध्ये, नवरा गेला. लहान मुलं पदरात असताना त्यांनी कूचबिहारचा कारभार सांभाळला. "बघा, आईबापांचं ऐकलं नाही, काय झालं" असं म्हणणारे तेव्हाही असणारच. हा परिणाम कायम लक्षात ठेवा: तुमच्या लग्नात पुढे जे जे काही बिघडेल, आजारपण, नोकरी जाणं, नवराबायकोचं साधं भांडणसुद्धा, त्याचा दोष लोक तुमच्या बंडाला लावतील. ठरवून झालेल्या लग्नात भांडण झालं की मध्ये पडायला दहा माणसं येतात. आमच्या भांडणात मध्ये पडायला कोणी नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत माहेरी जाऊन रडायचीही सोय नव्हती, कारण रडले असते तर ते सगळ्यांचं म्हणणं खरं ठरल्यासारखं झालं असतं. हा एकटेपणा मला आमंत्रणं न येण्यापेक्षा जास्त जाचला.

कायद्याचं थोडक्यात सांगते. जात गेली म्हणून मालमत्तेचा हक्क जात नाही, असा कायदा १८५० मध्येच झाला होता. बडोदे संस्थानाने १९३३ मध्ये ज्ञातीच्या जाचाविरुद्ध खास कायदाच केला होता. १९४९ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, त्याच वर्षी मुंबई सरकारने बहिष्काराविरुद्ध कायदा केला, आणि १९६२ मध्ये बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला आहे. तुम्ही महाराष्ट्रात असाल तर त्याचा उपयोग आहे: जात पंचायतीने दंड मागितला, वाळीत टाकलं, तर तो गुन्हा आहे. आम्हा बडोदेकरांना तो लागू नाही. आणि असता तरी "भांडी कल्हईला गेलीत" याविरुद्ध कोणता कायदा चालणार?

लग्न दोन रीतींनी होऊ शकतं. दोघं हिंदू असाल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली विधी करून नोंदणी करता येते, जात आड येत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली केलंत तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लागते, आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. ते तीस दिवस धोक्याचे असतात, कारण नोटीस कोणीही वाचू शकतं. मारहाणीची, कोंडून ठेवायची, जिवाची भीती असेल तर हे दिवस घरात काढू नका. आंतरजातीय जोडप्यांना पोलिसांनी संरक्षण द्यावं असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे. लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तातडीला ११२ आहे, गुजरातेत मुलींसाठी १८१ अभयम आहे.

घरातून निघताना तुमची शाळेची आणि जन्माची मूळ प्रमाणपत्रं तुमच्याकडे हवीत, बँकेचं खातं एकट्याच्या नावावर हवं, आणि दोघांपैकी किमान एकाची नोकरी पक्की हवी. प्रेम आहे म्हणून पैशाचं बघून घेऊ, असं करू नका. आमचं निभावलं ते दोन पगारांमुळे, हे मी अगदी ठामपणे सांगते. आणि रागाच्या भरात कोणी हक्कसोड पत्र पुढे केलं तर त्यावर सही करू नका. "मला तुमचं काही नको" हे म्हणायला फार बरं वाटतं. वीस वर्षांनी आई आजारी पडते, घर कोणाचं हा प्रश्न येतो, आणि तिला तुमच्याकडे न्यायचं म्हटलं तरी तुम्ही घरातले कोणी नसता.

आता माफीचं. माफी कोणी दिली नाही, आम्ही मागितलीही नाही. झालं असं की जुने पदाधिकारी थकले, काही वारले. त्यांच्या मुली पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला गेल्या आणि त्यांनी आपल्या मनाने लग्नं केली. मग वस्तीपत्रकाच्या फॉर्मवर जावयाच्या ज्ञातीचा रकाना आला. माझं नाव परत छापलं गेलं, मुलाच्या शिक्षणासकट. कोणी काही बोललं नाही. हल्ली मंडळाच्या कार्यक्रमाला बोलावणं येतं, मी जाते, कारण तिथे आईच्या वयाच्या दोघीतिघी अजून आहेत. ज्यांच्या मुलींनी हल्ली बाहेर लग्न केलंय अशा आया मला बाजूला घेऊन विचारतात, "तुझ्या आईने कसं काढलं गं?" त्यांच्यापाशी मी बसते, तास तास बसते. पण अण्णा हे बघायला राहिले नाहीत, आणि बहिणीची ती वर्षं परत आली नाहीत. तुमच्यासमोर समाज बदलेलही. पण तुमच्या घरच्यांच्या हयातीत तो बदलेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

शेवटची एक गोष्ट, आणि जिवाला धोका नसेल तरच. घरात एका माणसाला आधी सांगा. चिठ्ठी ठेवून जाऊ नका, फोनवर सांगू नका. मी आईला सांगितलं होतं, ती गहू निवडत होती. ती रागावली, रडली, "करू नकोस" म्हणाली, दोन दिवस जेवली नाही. पण नंतर जेव्हा बायका तिला खोदखोदून विचारायच्या, "तुम्हाला काही कल्पनाच नव्हती का हो?", तेव्हा ती ताठ मानेने म्हणायची, "मला विचारून गेली आहे." विचारून काही मी गेले नव्हते, सांगून गेले होते. तरी तेवढ्यावर तिने पुढचं सगळं निभावलं. तुमच्या घरात असं कोण आहे ते शोधा. आई नसेल तर आजी, काकू, मोठा भाऊ, कोणीही. त्या माणसाला पुढे लोकांसमोर काय बोलायचं हे आधी ठरवायला वेळ मिळू द्या.